शिल्लकबाईचं जेवण

तिला सगळी इमारत शिल्लकबाई म्हणायची. हे नाव नेमकं कुणी पाडलं यावर अजून एकमत नाही. तिचा नवरा म्हणतो मी, तळमजल्यावरचा इस्त्रीवाला म्हणतो मी. भांडण त्या दोघांचं. बाईने मात्र ते नाव पदकासारखं मिरवलं. आणि का मिरवू नये? कोंड्याचा मांडा करण्याच्या गोष्टी सांगणाऱ्या शंभर असतात, करणारी एखादीच. हिच्या हातात कालचा भात आला की कांदा-मिरचीबरोबर परतून पुन्हा तरणाताठा होऊन ताटात यायचा. उरलेली डाळ पिठात मळली जायची, भाजीचे देठ डाळीत जायचे, शिळ्या पावाचे तुकडे दुधात. "माझ्या घरातून कचऱ्यात जातात त्या फक्त साली," ती म्हणायची. "त्यासुद्धा हिची परवानगी काढून," नवरा पुस्ती जोडायचा.

नवरा निवृत्त बस ड्रायव्हर. सगळे त्यांना ड्रायव्हरसाहेबच म्हणत. नोकरी सुटून वर्षं झाली तरी खुर्चीत बसल्यावर त्यांचा उजवा पाय ब्रेक शोधायचा. मुलगा बॅटरीच्या दुकानात, सून साबणाच्या कारखान्यात पॅकिंगला, नात शाळेत. इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर दोन खोल्या आणि डोक्यावर उघडा स्लॅब. ती स्वतः चार गल्ल्या पलीकडच्या शिंप्याकडे काजं-बटणं करायला जायची. मशीनचं काज तिला मान्य नव्हतं. "मशीन नुसतं भोक पाडतं, काज मी करते," हे तिचं वाक्य शिंपीमास्तर गिऱ्हाइकांना खुशाल स्वतःचं म्हणून ऐकवायचे.

आता तिच्या स्वयंपाकाची रीत सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच झाला. तांदूळ मोजायचा मुठीने. माणशी एक मूठ, आणि वर एक चिमूट आल्यागेल्यासाठी. चिमूट हे आपलं म्हणायला. पडायचे चांगले ओंजळभर तांदूळ. सून नवी आली तेव्हा तिने विचारलं होतं, "आई, मुठी किती घ्यायच्या?"

"तीन. एक ह्यांची, एक त्याची, एक तुझी."

"आणि तुमची?"

"माझं उरतं त्यात होतं गं. मला ताजं एवढं आवडतही नाही. मुरलेलं बरं लागतं."

नव्या सुनेला सासूला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची हिंमत व्हायला वेळ लागतो, आणि हिंमत येते तोवर प्रश्न विसरलेला असतो. पुढे नात झाली, तिला दात आले, चौथी मूठ सुरू झाली. पाचवीचा विषय कुणी काढला नाही. खरं सांगायचं तर तेव्हा काही अडतही नव्हतं. रात्रीचं उरलेलं सकाळी, सकाळचं उरलेलं दुपारी, आणि रात्री भांड्याच्या बुडाशी जे असेल ते. बाई टुणटुणीत होती. जिना चढताना ड्रायव्हरसाहेब दोनदा कठड्याला टेकायचे, आणि ही दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आधी वर पोचून दार उघडून उभी असायची.

मग हवा बदलली. उन्हाळा पूर्वी पाहुण्यासारखा यायचा, त्रास द्यायचा आणि जायचा. अलीकडे तो बिऱ्हाड थाटूनच राहायला लागला. वरचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्रभर ती धग खाली सोडायचा. दुपारी वीज जायची ती संध्याकाळपर्यंत तोंड दाखवायची नाही, आणि फ्रीज म्हणजे नुसतं पांढरं कपाट होऊन बसायचं. सकाळचं दूध दुपारी फाटायचं. भाजीवाला हातगाडीवर ओलं पोतं टाकून यायचा, तरी त्याचा पाला दहा वाजायच्या आत मान टाकायचा.

"पालेभाजी विचारूच नका, मावशी," तो म्हणायचा. "लावली तर उन्हाने करपते. त्यातून वाचली तर भलत्याच वेळी पाऊस येतो आणि कुजवून जातो. दुष्काळात तेरावा महिना चाललाय नुसता."

"मग आहे काय तुझ्याकडे?"

"बटाटे. आणि कांदे. आणि मी."

"तू नको, तू फार महाग आहेस," असं म्हणून ती बटाटे घ्यायची.

गॅस आता एकदाच पेटायचा, तोही सूर्य उगवायच्या आत. त्यानंतर त्या स्वयंपाकघरात उभं राहिलं की शिजतंय ते अन्न की आपण, हे कळेनासं व्हायचं. डाळीला शिजायला वेळ लागतो. तेवढा वेळ आगीपुढे उभं राहणार कोण? म्हणून डाळ आधी पातळ झाली, मग एक दिवसाआड झाली. अंडं फक्त नातीला, दूध ड्रायव्हरसाहेबांच्या चहापुरतं. ताटातले रंग एकेक करून निघून गेले आणि पांढरा तेवढा उरला. नात विचारायची, "आजी, आज बटाट्याबरोबर काय आहे?" आजी सांगायची, "बटाटा." दोघी हसायच्या. हसण्यावारी नेलं की पोर खाते, हे तिला माहीत होतं.

एका दुपारी शिंप्याच्या दुकानातून घरी येऊन तिने सकाळच्या भाताचं झाकण काढलं, तर भाताला तार सुटलेली. आंबूस वास नाकात शिरला. दुसरी कुणी फेकून मोकळी झाली असती. हिने धुतला, परतला आणि खाल्ला. अन्न टाकायचं म्हणजे तिच्या अगदी जिवावर यायचं. मग उलट्या-जुलाबांनी अशी काही धरली की भिंतीला धरून उठावं लागलं.

मुलगा चिडला. "आई, पोटात घालायचं की कचऱ्यात टाकायचं हे वासावरून कळत नाही का तुला?"

"टाकायला आपण काय नवाब लागून गेलोय?" ती अंथरुणातून म्हणाली.

त्या आजारातून तिने धडा घेतला, पण भलताच घेतला. उरलं तर आंबणार, आंबलं तर टाकावं लागणार, तेव्हा उरू द्यायचंच नाही. वरची चिमूट बंद. चार माणसं, चार मुठी, एक दाणा जास्त नाही. बटाटेही तसेच, डाळ शिजेल तेव्हा डाळही तशीच. भांडी इतकी लख्ख रिकामी व्हायला लागली की घासताना वेळ वाचायचा. जिन्यात भेटणाऱ्या बायकांना ती ऐकवायची, "हवा कितीही बिघडू दे, आमच्यात एक शीत वाया जात नाही." बायका मान डोलवायच्या. काहींनी तर आपल्या घरीही तसं सुरू केलं.

कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि तिच्या तर नाहीच नाही, की तिने बंद केलं ते स्वतःचं जेवण होतं. त्या ओंजळभर तांदळावर ती इतकी वर्षं जगली होती. आपल्याच हाताने आपलं ताट उचलून ठेवलं आणि वर शाबासकीही घेतली. अशा बाईवर रागवावं की तिला पोटाशी धरावं, काही सुचत नाही.

आणि घरच्यांना दोष द्यायचा तर कुठल्या तोंडाने? मुलगा लवकर खाऊन बाहेर पडायचा. सून डबा घेऊन पाळीला जायची. रात्री खोलीत बसवत नसे म्हणून जो तो आपलं ताट घेऊन वाऱ्याला, कुणी गॅलरीत, कुणी जिन्यात. वाढणारी हीच. "तुम्ही?" असं कुणी विचारलंच तर उत्तर तयार असायचं, "मी मघाशीच खाल्लं." ते खोटंही नव्हतं. मघाशी तिने चहात बुडवून एक बिस्कीट खाल्लेलं असायचं, नाहीतर पळीला लागलेला भात. आपण पोटाला चिमटा घेतोय असं तिला वाटलं असतं तर ती निदान कुरकुरली असती. तिला तसं वाटतच नव्हतं. भूक लागायची आणि थोड्या वेळाने मरायची. मग ती म्हणायची, "उन्हाने खायची इच्छाच होत नाही." त्या वर्षी सगळेच असं म्हणत होते. सगळे थकलेले, सगळे घामेजलेले. त्यात एकीचं थकणं वेगळं कोण ओळखणार?

कपडे सैल झाले, तर तिने दुकानातच बसून टाके घालून आत घेतले. शिंप्याकडे काम केल्याचा हा एक फायदा. जिन्यात आता तीही थांबायला लागली. "तुमच्यासाठी थांबते," ती ड्रायव्हरसाहेबांना म्हणायची, आणि त्यांना ते इतकं आवडायचं की खरं की खोटं हे पाहायच्या भानगडीत ते पडले नाहीत.

गोष्ट उघडी पडली ती एका शर्टामुळे. गिऱ्हाईक बँकेतला कारकून, स्वभावाने गरीब. नवा शर्ट हातात धरून तो दुकानात आला आणि म्हणाला, "मास्तर, शर्ट झकास झालाय. फक्त एवढं सांगा, ह्यात शिरायचं कुठून? खालून की वरून?"

मास्तरांनी शर्ट हातात घेतला. प्रत्येक बटण दोन्ही पट्ट्यांतून आरपार टाचलेलं होतं, गळ्यापासून खालपर्यंत. टाके सुंदर, एकसारखे, मजबूत. शर्ट मात्र पोत्यासारखा कायमचा बंद. मास्तर आधी खो खो हसले, गिऱ्हाईकही हसलं. मग मास्तरांनी कोपऱ्यात पाहिलं आणि त्यांचं हसू जिथल्या तिथे थांबलं. सुई डोळ्यांजवळ धरून ती दोरा ओवत होती आणि दोरा दरवेळी नेढ्याच्या बाजूने जात होता.

"मावशी, हे तुमचं काम नाही."

"उन्हाने डोळ्यांपुढे काजवे येतात हो, मास्तर," ती ओशाळून हसली. "काजं सोडून काजवेच करायला लागले मी. आणा इकडे, आत्ता उसवून देते."

ती उठली, दोन पावलं आली आणि कापडाच्या गठ्ठ्यावर बसकण मारली. बसली म्हणजे पडलीच. गठ्ठा मध्ये आला म्हणून डोकं वाचलं. तोंडावर पाणी मारल्यावर पहिलं वाक्य बोलली ते, "कापड ओलं झालं नाही ना?"

मास्तरांनी सुनेला फोन लावला. सून येईपर्यंत पंखा तिच्याकडे वळवून ते शेजारी बसून राहिले. "रागवू नका," ते म्हणाले, "पण अंगात बळ येईपर्यंत सुई मी तुमच्या हातात देणार नाही. एक दिवस ती बोटात नाही, डोळ्यात जाईल."

तिचा चेहरा पडला. घरात शिल्लकबाई असली तरी या कोपऱ्यात ती कारागीर होती. तो कोपरा गेला तर आपण कोण, हा विचार तिला गठ्ठ्यावरून पडण्यापेक्षा जास्त लागला. मिळतंय ते काम एका उन्हाळ्यात जाणार, आणि गेलेला कोपरा या वयात परत कोण देतो!

दवाखान्यात डॉक्टरीणबाई घाईत होत्या. बाहेर बाकांवर माणसं दाटीवाटीने बसलेली, बहुतेक सगळी ऊन लागलेली. त्यांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, काट्यावर उभं केलं. आकडा पाहून सुनेने मान पुढे केली, तिला वाटलं काटा बिघडलाय.

"काल दिवसभरात काय काय खाल्लं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हा विषय तिच्या आवडीचा. ती सावरून बसली. "सकाळी भात, बटाट्याची रस्सा भाजी. डाळ केली होती काल, भाजीवाल्याकडे थोडे टोमॅटो मिळाले ते घातले त्यात. नातीला अंडं उकडलं. संध्याकाळी पाव, सकाळीच केलेली कांद्याची भाजी, काकडी होती दोन, ती चिरली."

सून मान हलवत होती. सगळं खरं होतं. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या. पुन्हा एकदा त्यांनी पापणीकडे पाहिलं. "एवढं सगळं तुम्ही खाल्लंत?"

"मी? नाही नाही," ती म्हणाली. "हे घरी केलं."

"मी तुम्हाला विचारतेय. तुमच्या पोटात काय गेलं?"

"माझं काय हो. जे उरतं ते मी खाते."

"बरं. काल काय उरलं?"

तिने तोंड उघडलं आणि तिला आठवेना. काल, परवा, तेरवा, ती मागे मागे जात राहिली. शेवटी जिन्यातल्या बायकांना सांगायची त्याच ठसक्यात तिने सांगून टाकलं, "काही नाही. आमच्यात उरतच नाही काही."

वाक्य तोंडातून सुटलं आणि तिचं तिलाच ऐकू आलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. सून सासूच्या शेजारी उभी होती, ती हळूच बाकावर बसली, जणू आता तपासणी तिची होती.

औषधं लिहून देताना डॉक्टरीणबाई सुनेला म्हणाल्या, "गोळ्या देते, पण गोळी म्हणजे जेवण नाही. डाळ रात्री भिजत घाला, सकाळी झटकन शिजते. आणि ह्यांचं ताट आधी वाढा."

घरी येऊन सुनेने चपला काढल्या आणि तिचा बांध फुटला.

"आई, मुठी मोजायला तुम्हीच शिकवलंत मला. चार म्हणालात, मी चार घेतल्या. रोज घेतल्या. माझ्या डोक्यात एकदाही येऊ नये?" ती रडत होती आणि रागावलेलीही होती, सासूवर की स्वतःवर, कुणास ठाऊक.

"अगं, तुझा काय दोष त्यात? मी तरी कुठे घेतली पाचवी?"

ड्रायव्हरसाहेबांना सगळं सांगितलं तेव्हा खुर्चीत बसल्या बसल्या त्यांचा उजवा पाय करकचून जमिनीवर दाबला गेला. मग म्हणाले, "जन्मभर आरशात बघून बस चालवली. मागे कुणी राहिलं तर गाडी सोडली नाही कधी. आणि घरात..." एरवी त्यांच्या वाक्याला टोला हाणल्याशिवाय न राहणारी त्यांची बायको आज नुसती पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे ठेवून गेली.

त्या संध्याकाळी सुनेने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. डाळ तिने आल्या आल्या भिजत घातली होती. तांदळाच्या डब्यात हात घालून ती मोठ्याने मोजायला लागली. चार झाल्या आणि हात पुन्हा डब्यात गेला, तशी सासू दारातून ओरडली, "अगं, उरेल!"

"उरू दे."

"रात्रभर राहिलं तर आंबेल ह्या उकाड्यात!"

"तर आंबेल. तुमच्या पोटात जाऊन उरलं तर खुशाल आंबू दे." आणि पाचवी मूठ पातेल्यात पडली.

जेवायला सगळे आतल्या खोलीतच बसले. गॅलरीत कुणी गेलं नाही. घामाच्या धारा लागल्या होत्या, तरी कुणी पंख्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पहिलं ताट तिच्यापुढे आलं. वाफाळता भात, त्यावर डाळ, कडेला उकडलेलं अंडं. नातीने आपलं अर्धं दिलं होतं आणि 'मला नकोच होतं' असं तोंडभर खोटं बोलली होती. त्या ताटापुढे ती परक्याच्या घरी जेवायला बसल्यासारखी अवघडून बसली. पदराशी चाळा केला. सगळे तिच्याकडे बघत होते.

"बघताय काय असे? मी काय चुकलेली बस आहे?" ती म्हणाली, आणि एकदाचा घास घेतला.

तिची जीभ भाजली. डोळ्यांत पाणी आलं, तोंड उघडं ठेवून ती वारा घेत राहिली. गरम भात तिने शेवटचा कधी खाल्ला होता, तिलाच आठवत नव्हतं. सगळ्यांच्या ताटांत वाढून, सगळ्यांचं आटोपून मग जे तोंडात जायचं ते गारच असायचं. फुंकर घालून खायची तिला सवयच राहिली नव्हती. "फुंक, फुंकून खा," ड्रायव्हरसाहेब घाबरून म्हणाले, आणि स्वतःच तिच्या ताटावर वाकून फुंकर घालायला लागले. नात खुदकन हसली.

मग ती खायला लागली. आधी सावकाश, लाजत. मग लाज गेली. ती वर बघेना, बोलेना. भात संपला, डाळ संपली, अंडं संपलं, बोटांनी तिने ताट निपटून घेतलं. बाकीच्यांचे घास हातातच राहिले होते. मेली म्हणून जिला तिने कधीच निरोप दिला होता ती भूक आता उठून बसली होती.

आणि मग तिने ताट पुढे केलं. या घरात आल्यापासून तिने कुणापुढे ताट केलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"थोडा वाढतेस का गं?" तिने सुनेला विचारलं. "आहे का?"

सुनेने पातेलं वाकवलं. पाच मुठींचा भात पाच ताटांत गेला होता. बुडाला चार शितं होती. मुलाने घाईघाईने आपलं ताट तिच्याकडे सरकवलं, ड्रायव्हरसाहेबांनी आपलं. तिने दोन्ही मागे ढकलली. "नको, नको. झालं माझं. मी आपलं सहज विचारलं," ती म्हणाली, पण ताट तिने खाली ठेवलं नव्हतं, ते हातात तसंच होतं.

सून उठली. स्वयंपाकघर अजून भट्टीसारखं तापलेलं होतं. तिने डबा उघडला, तांदूळ धुतला आणि गॅस पुन्हा पेटवला.